उशिरा आलेली भीती

सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधल्या वळणावर बोग्नाचा डावा हात कठड्याला धरून राहिला आणि सुटेना. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या होत्या. त्या घेऊन तळमजल्यापासून गच्चीच्या दारापर्यंत चढायचं, लिफ्टने खाली यायचं आणि पुन्हा चढायचं, हा तिचा नोव्हेंबरपासूनचा रोजचा परिपाठ होता. इमारतीतल्या लोकांनी त्यावर हसून घेतलं होतं, कंटाळून घेतलं होतं आणि आता ते तिच्याकडे बघतही नसत. वळणावरची खिडकी कुणीतरी उघडी टाकली होती. खाली अंगणात एक बाई लोखंडी दांडीवर सतरंजी टाकून बडवत होती. बाईचा हात आधी खाली यायचा आणि आवाज मागाहून वर पोचायचा. बोग्नाने एवढंच पाहिलं. मग पाऊल उचलायला गेली तर हात आला नाही. पेटका असेल असं तिला वाटलं, पण पेटका तिला ठाऊक होता. पेटक्यात दुखतं. इथे काहीच दुखत नव्हतं. चार बोटं आणि एक अंगठा त्या हिरव्या रंगाच्या कठड्याभोवती असे आवळले होते, की जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता आणि त्या दुसऱ्याला काहीतरी दिसलं होतं. 'सोड,' ती मनात म्हणाली. मग तोंडाने म्हणाली. मग तिला कळलं, की ही भीती आहे. साधी, लहान मुलाला विहिरीत डोकावल्यावर वाटते तशी. जिना तिच्या पायाखालून हळूच एका बाजूला कलला. ज्या बाईने गिर्यारोहणाच्या मोहिमेसाठी पैसे जमवायला सगळा उन्हाळा वीजकेंद्राच्या धुराड्यावर दोराला लटकून रंगाचा ब्रश फिरवला होता, शेजारून कावळे गेले तर त्यांना शीळ घातली होती, ती आपल्याच घराच्या जिन्यात भिंतीला खांदा लावून उभी होती आणि तिच्या बनियनमधून घाम ओघळत होता.

खालून केंपाबाई आल्या. नवव्या मजल्यावर राहायच्या, सत्तरीच्या, लिफ्टवर विश्वास नसलेल्या. हातात जाळीची पिशवी, पिशवीत एक कोबी.

"काय गं पोरी, पाय मुरगळला का?"

"हो," बोग्ना म्हणाली.

"मग हात काय धरून बसलीस? पाय धर की." केंपाबाईंनी कोबी पायरीवर ठेवला, जवळ आल्या आणि तिच्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघितलं. "माझ्या नवऱ्याचं असं व्हायचं. लढाईवरून आल्यावर. चमचा सुटायचा नाही. मी म्हणायची, खा बाबा चमच्यासकट." बोलता बोलता त्यांनी करंगळी उचलली, मग तिच्या शेजारचं बोट. वाटाण्याची शेंग सोलावी तसा हात सोडवला. "जा, गरम पाण्यात घाल. आणि ह्या बाटल्या दे फेकून. एवढं पाणी न्यायचं कुठे? तिकडे डोंगरावर बर्फ नाही का मिळत?"

बोग्ना हसली. बरोबर जागी हसली, बरोबर तेवढीच. मग आठवा मजला, नववा, दहावा, गच्चीचं दार. तिथे पोचल्यावर मात्र ती लिफ्टकडे गेली नाही. सॅक पाठीवरच ठेवून बराच वेळ दाराला टेकून उभी राहिली. कुणी पाहिलं नव्हतं, केंपाबाई विसरून जातील, असं ती स्वतःला सांगत होती आणि डावा हात उजव्या हाताने पकडून ठेवत होती, कुत्रं गळपट्ट्याला धरून ठेवावं तसं.

घरात आई बटाटे सोलत होती. आई, आपोलोनिया, बोग्नाच्याच घरात राहत होती, किंवा बोग्ना आईच्या. वडील गेल्यापासून हा प्रश्न दोघींनी मिटवला नव्हता. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. या कातोवित्से शहरात ज्याचे वडील खाणीत नसतील त्याला वेगळं सांगावं लागतं. वडिलांचं काही झालं नाही, म्हणजे खाणीत काही झालं नाही. ते निवृत्त झाले, कबुतरं पाळली आणि एका हिवाळ्यात फुप्फुसांनी काम थांबवलं म्हणून अंथरुणातच गेले. त्यांचा शेवटचा फोटो बोग्नाने स्वतः काढला होता, हॉस्पिटलातल्या क्ष-किरण खोलीत, जिथे ती रोज लोकांना 'श्वास घ्या, रोखा, सोडा' असं सांगते. आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. तिने विचारलं नाही काय दिसलं. आई कधीच काही विचारायची नाही. वडील रात्रपाळीला जायचे तेव्हा ती दार लावून घ्यायची, भांडी घासायची, झोपायची. निदान लहानग्या बोग्नाला तसं वाटायचं. बोग्ना पहिल्यांदा तात्रा पर्वतात गेली, मग कॉकेशसला, मग हिंदुकुशात, दर वेळी आईने तसंच दार लावून घेतलं आणि नळ सोडला. बोग्ना जिन्यात असेपर्यंत नळाचा आवाज यायचा. मैत्रिणींच्या आया रडायच्या, चर्चमध्ये मेणबत्त्या लावायच्या, एकीने तर मुलीचे बूट लपवले होते. आपली आई दगड आहे आणि दगड असणं चांगलं आहे, असं बोग्ना समजून चालली होती. आपणही त्याच दगडाचे आहोत असंही.

"हाताला काय झालं?" आईने विचारलं. न बघता.

"काही नाही."

"बरं."

तिने मीठ घातलं. बोग्ना खिडकीशी न जाता भिंतीच्या बाजूच्या खुर्चीवर बसली आणि ती खुर्ची आपण का निवडली हे तिच्या लक्षात आलं. चौथ्या मजल्यावरचं ते घर, ज्यात तिने दप्तर टाकलं, प्रेमपत्रं वाचली, एकदा लग्न मोडून परत आली, ते अचानक हवेत होतं. खाली चार घरं आणि त्यांच्याखाली माती आणि मातीखाली वडिलांनी पोखरलेल्या पोकळ्या. भीती आधी एका जागी असते, हाताच्या पंजाएवढी. मग ती फर्निचर हलवायला लागते.

मे महिन्यात बोग्नाच्या गिर्यारोहण मंडळातल्या बायका हिमालयात जाणार होत्या. आठ हजार मीटरच्या वरचं शिखर, सगळ्या बायका. ल्युदका झाविश्लाक मोहिमेची प्रमुख, आणि वरच्या टप्प्यासाठी ल्युदका आणि बोग्ना एका दोरावर. हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, कारण त्या दोघी गेली नऊ वर्षं एका दोरावर होत्या. ल्युदका उंच, हाडापेराने घोड्यासारखी, आवाज घोगरा. एका कारखान्यात पुलांचे आराखडे काढायची आणि पुलांवरून कधीही चालत जायची नाही, 'मला माहितीये ते कसे बनतात' म्हणून. तिच्याशी लग्न करण्यापेक्षा तिच्या दोराला बांधून घेणं जास्त गंभीर, असं मंडळात म्हणत. आणि तिच्या दोराला बांधून घेतलेली बोग्ना कधी घाबरत नाही, असंही म्हणत. ते खरं होतं. दगड सुटला तरी, वीज कडाडली तरी बोग्नाच्या आत एक शांत, किंचित कंटाळलेली बाई बसलेली असायची आणि ती पुढचं पाऊल कुठे हे सांगायची. लोक त्याला धैर्य म्हणायचे. बोग्नाला ते उंची किंवा केसांचा रंग असतो तसं वाटायचं. त्याचं श्रेय घ्यावं असं काही नाही.

पण जिन्यातल्या त्या दुपारनंतर ती बाई जागेवर नव्हती. बोग्ना तिला शोधायला लागली आणि शोधता शोधता नको त्या ठिकाणी जाऊन पोचली. चार वर्षांपूर्वीचा हिंदुकुश. शिखर झालं होतं, दोघी उतरत होत्या, ढग आले होते आणि ल्युदका पुढे होती. वारा होता, पण वाऱ्याचा आवाज कुठेतरी दूर, शेजारच्या खोलीत रेडिओ लागावा तसा. आणि बोग्ना बसली. थकून कोसळली नाही, तर बसली, बागेतल्या बाकावर बसावं तशी. बर्फ उबदार होता. खरंच उबदार. हातमोजे काढावे असं वाटत होतं. तिला आठवत होतं, की आपण हसत होतो आणि कुठेतरी कुणीतरी कणीक मळत असल्याचा वास येत होता आणि आता कधीच काही करायचं नाही, कुठे पोचायचं नाही, हे इतकं सोपं, इतकं गोड होतं, की डोळ्यांत पाणी आलं. मग थोबाडीत बसली. ल्युदकाचं तोंड, बर्फाने पांढऱ्या भुवया, शिव्या. 'ऊठ, गाढवे, ऊठ, ऊठ.' दोर ताणला गेला आणि दोघी उतरल्या. नंतर तळावर सूप पिताना ल्युदका म्हणाली होती, "दमली होतीस," आणि बोग्ना म्हणाली होती, "हो, दमले होते." ती गोष्ट तिथे संपली. चार वर्षं ती संपलेली होती. आणि आता ती परत येत होती, ट्रामच्या थांब्यावर, मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत, अंधाऱ्या खोलीत कुणाच्या तरी बरगड्या फिल्मवर उमटत असताना. आपण तिथे घाबरलो नव्हतो. तीच तर गोष्ट होती. वर, जिथे घाबरायलाच हवं होतं, तिथे ती शांत बाई म्हणाली होती, 'बस.' ती बाई धीट नव्हतीच. तिला काहीच फरक पडत नव्हता, एवढंच. आणि आपण आयुष्यभर तिच्या सांगण्यावरून पाऊल टाकत आलो.

तेव्हापासून तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. रस्त्यावरच्या माणसाची वाटावी तशी, मागून चालत येणाऱ्याची. व्यायाम तिने वाढवला. जिना चढायची तेव्हा भिंतीच्या बाजूने चढायची, कठड्याला हात लावायची नाही. रविवारी ल्युदकाबरोबर जंगलात चिखल-बर्फातून पळायची. ल्युदका पळताना बोलायची, कारण बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग चुकलाय, असा तिचा नियम होता. तंबूचं बोलायची, व्हिसाचं, वाळवलेल्या मशरूमचं, डॉक्टर इर्मिनाचं, जी मोहिमेसाठी औषधांऐवजी जणू पुस्तकंच बांधत होती. बोग्ना मागून ऐकायची आणि वाक्य तयार करायची. 'ल्युदका, मला सांगायचंय.' बर्चच्या पांढऱ्या खोडाशी आलो की सांगायचं. खोड मागे जायचं. त्या ओढ्याशी. ओढा मागे जायचा.

"गप्प का आज?" ल्युदकाने एकदा वळून विचारलं. तोंडातून वाफ.

"दम लागलाय."

"म्हातारी झालीस. मंडळाला सांगते, बोग्नाला चाकांची खुर्ची द्या." आणि मग, काही पावलं गेल्यावर, वेगळ्या आवाजात, "काही असेल तर आत्ता सांग हं. तिकडे वर जाऊन सांगू नकोस."

"काही नाही गं."

हे म्हणताना बोग्नाला आईचं 'बरं' ऐकू आलं, आपल्याच तोंडून.

फेब्रुवारीत दोघी तात्रात गेल्या. मोहिमेआधीची शेवटची परीक्षा, तळ्यामागच्या कड्याची उत्तरेची भिंत, हिवाळ्यातली. त्यांनी ती पूर्वी केली होती, तेव्हा भीती कसली? सकाळी तळं गोठलेलं होतं आणि त्यावरून चालताना खालून बर्फ कण्हत होता. बोग्ना चालली. भिंतीशी आल्यावर दोर बांधला, गाठ तपासली, ल्युदकाची गाठ तपासली. पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. काही होत नव्हतं, बुटांचे काटे बसत होते, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचा आवाज बरोबर येत होता, आणि तिला वाटायला लागलं, की संपलं, हे शहरातलं काहीतरी होतं, इथे आल्यावर गेलं. आणि या विचाराबरोबर ती शांत बाई परत आल्यासारखी वाटली. पण आता बोग्नाला तीही नको होती.

तिसऱ्या टप्प्याला ती एका अरुंद कंगोऱ्यावर उभी राहिली, दोन खिळ्यांना बांधलेली. ल्युदका वर गेली. खडकावर काचेसारखा पातळ बर्फाचा थर होता आणि ल्युदका त्यावरून आडवी सरकत होती, अगदी सावकाश, मांजर कपाटावरून जातं तशी. बोग्ना खालून दोर देत होती. हातभर, अजून हातभर. तळ्यावर दोन काळे ठिपके चालत होते, कुणीतरी सहलीला आलेले. त्यातल्या एकाने हात हलवला. ते खूप खाली होते आणि हात हलवत होते.

डावा हात दोरावर आवळला.

"दोर!" वरून ल्युदका.

बोग्ना हाताकडे बघत होती. लोकरीच्या हातमोज्यात तो मुठीसारखा दिसत होता.

"बोग्ना, दोर दे!" दोर ताणला. एकदा, दोनदा. "अगं अडकलाय का? मला पाऊल टाकायचंय, इथे उभी नाही राहू शकत मी!"

ल्युदका अशा जागी होती, जिथे थांबता येत नाही. पुढे गेली तर उभं राहायला जागा होती. मागे येणं पुढे जाण्यापेक्षा अवघड. तिच्या बुटांच्या काट्यांची टोकं बर्फाच्या सालीत रुतलेली आणि त्या सालीचे तुकडे सुटून बोग्नाच्या शिरस्त्राणावर टपटपत होते. बोग्नाने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं ओढली. केंपाबाईंनी केलं होतं तसं. करंगळी उचलली, ती पुन्हा मिटली. तिने हातमोज्यावरून मनगटाचा चावा घेतला. तोंडात लोकर आणि बर्फ. आणि मग जे वाक्य जंगलातल्या झाडांना ओलांडून ओलांडून मागे राहत गेलं होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं, इतक्या मोठ्याने, की भिंतीने ते परत केलं.

"मला भीती वाटतेय! ल्युदका, हात सुटत नाहीये! मला भीती वाटतेय!"

तुकडे पडायचे थांबले नव्हते.

"कशाची?" ल्युदकाने विचारलं. आश्चर्य म्हणजे आवाज चिडका नव्हता. घोगरा आणि काळजीपूर्वक, स्वयंपाकघरातून पलीकडच्या खोलीत विचारावं तसा.

"माहीत नाही. सगळ्याची. तुझी."

"बरं. माझी वाटतेय तर वाटू दे. मी आता मागे येतेय. तू दोर सोडू नकोस, तसाही तू सोडत नाहीयेस. फक्त बोलत राहा. बंद पडू नकोस. काहीही बोल."

आणि बोग्ना बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. जिन्याचं, कोबीचं, वडिलांच्या कबुतरांची नावं. वरून बुटाचा काटा बर्फात बसल्याचा आवाज यायचा, मग दुसरा, मध्ये इतकं अंतर की त्यात माणूस म्हातारं व्हावं. एकदा ल्युदकाचा पाय घसरला आणि तिच्या तोंडून एक लहानसा, मुलीचा आवाज निघाला. बोग्नाने तो आवाज नऊ वर्षांत ऐकला नव्हता. मग लांब टांग खाली आली, कंगोऱ्याला टेकली, आणि ल्युदका तिच्याजवळ उभी राहिली. दोघींना पुरेल एवढी जागा नव्हती. ल्युदकाने तिला भिंतीशी दाबून धरलं आणि दोघी तशाच थरथरत राहिल्या. कोण थरथरतंय ते कळत नव्हतं.

हात सुटल्यावर दोघी उतरल्या. खाली तळ्याकाठच्या दगडी आसऱ्यात दुपारी गर्दी नव्हती. चूल पेटलेली होती. चहात रास्पबेरीचा पाक घालून देणाऱ्या बाईने त्यांच्याकडे बघितलं आणि न मागता आंबट कोबीच्या दोन थाळ्याही ठेवल्या. ल्युदकाने खाल्लं नाही. भांड्याभोवती हात धरून बसली. बोग्नाला वाटलं, आता म्हणेल. माझ्या दोराला अशी बाई नको, म्हणेल, आणि बरोबरच असेल ते. आणि त्या विचाराने हलकंही वाटलं, इतकं हलकं की लाज वाटावी.

"कधीपासून?" ल्युदकाने विचारलं.

बोग्नाने सांगितलं. जिना सांगितला आणि मग, आता मागे काही ठेवण्यात अर्थ नाही म्हणून, हिंदुकुशही सांगितला. आपण दमलो नव्हतो हे. आपण सुखात होतो हे. "तू थोबाडीत मारलीस तेव्हा मला तुझा राग आला होता," ती म्हणाली. "अजून येतो कधी कधी. मला भीती त्याची वाटते. पुन्हा तिथे गेले की मी बसेन आणि मला बरं वाटेल. आणि तू दर वेळी नसशील."

ल्युदका चुलीकडे बघत राहिली. तिचे ओठ फुटले होते, एका भेगेत रक्ताचा दाणा.

"मी थोबाडीत मारली?"

"मारलीस की. शिव्या दिल्यास. गाढवे म्हणालीस."

"बोग्ना," ल्युदका म्हणाली, "मी आधीच बसले होते."

आसऱ्यातली बाई मागे कपबश्या लावत होती.

"तू मागून आलीस तेव्हा मी बसलेली होते. किती वेळ ते माहीत नाही. मला वाटत होतं, मी आमच्या जुन्या घरी आहे, मोठ्या स्टोव्हला पाठ लावून. मग तू आलीस आणि शेजारी बसलीस आणि मला बरं वाटलं, की आता तूही आलीस. म्हटलं, चला, सगळे जमले." तिने भांडं खाली ठेवलं. "मला आठवतंय ते असं, की तू मला मारलंस. शिव्या तुझ्या. ऊठ ऊठ म्हणून ओरडत होतीस तू. मी चार वर्षं हेच समजून आहे. म्हणून तर तुला सोडलं नाही. म्हटलं, ही वर जागी राहते."

"मी नव्हते."

"मीही नव्हते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघींनी नजर काढून घेतली. खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला होता, तिरका. बोग्नाला वाटलं, आता आपल्यातल्या कुणालातरी हसू येईल. पण नाही आलं. तिथे, ढगांत, दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघी सुखात. आणि त्यातली एक उठली होती. कोण? का? मोठ्या स्टोव्हपाशी बसलेलीला किंवा कणकेचा वास येणारीला उठवलं कुणी? काही कारण नव्हतं. वाऱ्याने टोपी उडाली असेल, पाय बधिर झाला असेल. कुणीही उठलं नसतं तरी ते तितकंच साहजिक होतं. नऊ वर्षं त्यांनी एकमेकींच्या जागेपणावर जीव टांगला होता, आणि त्या खिळ्याच्या मागे भिंतच नव्हती.

"मग आता?" बोग्नाने विचारलं.

"आता मला पण भीती वाटतेय," ल्युदका म्हणाली. रागाने म्हणाली, कुणी वहाण पळवल्यासारखी. "झालं तुझं समाधान?"

आणि तिने कोबीची थाळी ओढली आणि सगळी संपवली. बोग्नाचीही.

कातोवित्सेला परतताना बसमध्ये त्या फारसं बोलल्या नाहीत. उतरताना ल्युदका म्हणाली, की ती बोग्नाला ये म्हणणार नाही आणि येऊ नको असंही म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात तिने मंडळात आराखडा बदलला. वरच्या टप्प्यासाठी दोघींऐवजी तिघी एका दोरावर आणि आणखी एक तंबू वर. का, असं कुणी विचारलं तेव्हा "मी म्हणते म्हणून," एवढंच म्हणाली. तिसरी इर्मिना. ती अखंड बोलायची, झोपेतसुद्धा. बोग्ना त्या बैठकीला शेवटच्या रांगेत होती. मार्च गेला. ती कामावर जात राहिली, श्वास घ्या, रोखा, सोडा. हात अजून कधी कधी आवळायचा, ट्रामच्या दांडीवर, एकदा क्ष-किरण यंत्राच्या मुठीवर. तिने तो सोडवायची घाई सोडून दिली. तो काय धरतोय ते बघायची. रोज सकाळी ती ठरवायची, की जायचं नाही, आणि संध्याकाळी सॅक पाठीला लावायची. जाण्याचं कारण तिला सापडलं नाही. न जाण्याची कारणं पुष्कळ होती, चांगली होती आणि ती तोंडपाठ म्हणता येत होती. फक्त इतकंच होतं, की न जाणारी जी बाई डोळ्यांपुढे यायची, भिंतीच्या बाजूच्या खुर्चीवर बसलेली, तीही शांत होती. तिलाही बरं वाटत होतं. आणि त्या शांततेला बोग्ना आता ओळखत होती.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ती निघाली. आईने दार लावून घेतलं. नळाचा आवाज आला. बोग्ना कठड्याला धरून, एक एक पायरी, खाली उतरली. स्टेशनवर गलका होता. पेट्या, दोरांची भेंडोळी, मंडळातले लोक, कुणीतरी अकॉर्डियन आणलेलं, ल्युदका हमालावर ओरडत असलेली. बोग्नाने खिडकीपाशी जागा धरली. वॉर्सॉ, मग विमान, मग उन्हाने तापलेली शहरं, मग ते शिखर. गाडी सुटायला थोडा वेळ होता आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून, खांबांच्या आडून, कुणीतरी येत होतं. चर्चला घालायची तपकिरी टोपी घातलेली एक बुटकी बाई, प्रत्येक डब्यात डोकावत.

बोग्नाने काच खाली केली. "आई?"

आई थांबली. धापा टाकत होती. बोग्नाने तिला आजवर कधी स्टेशनवर पाहिलं नव्हतं. इथे ती घरातल्यापेक्षा लहान दिसत होती.

"कांदे आणायला निघाले होते," आई म्हणाली.

"स्टेशनवर?"

आई मुलीच्या तोंडाकडे बघत होती, सरळ, जसं ती कधी बघत नसे, जणू एखादी फिल्म उजेडावर धरून बघावी.

"घाबरलीस तू," ती म्हणाली.

बोग्नाच्या जिभेवर 'काही नाही' होतं. तिने ते गिळलं. "हो."

"फार?"

"फार, आई. हिवाळाभर."

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. गालांतून, मग खांद्यांतून. तिने खिडकीच्या कडेवर हात ठेवला. तिच्या बोटांची पेरं बटाट्यांनी काळवंडलेली होती.

"बरं झालं गं," ती म्हणाली. "तुझा बाप घाबरायचा नाही, तू घाबरायची नाहीस. इतकी वर्षं त्या घरात मी एकटीच घाबरत होते."

शिट्टी झाली. पलीकडे अकॉर्डियन चुकीचा सूर धरून थांबलं. गाडीने एक हिसका दिला आणि आईने हात काढून घेतला, टोपी सरळ केली.

"काच लाव," ती म्हणाली. "वारं लागेल."